फर्मवेअर बदललं आणि मायनर रुसला: मधला बोर्ड गायब, एचडब्ल्यू एरर वाढतायत

खटपट्या
मंडळी, थोडं मार्गदर्शन हवंय. बिटकॉइनचा मायनर आहे, म्हणजे बिटकॉइन मिळवण्यासाठी अखंड गणितं करणारं मशीन, पंख्यावर थंड होणारं, तीन हॅशबोर्डांचं (ही गणितं करणाऱ्या चिपा बसवलेले बोर्ड). कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की धागा 'ही कंपनी की ती कंपनी' यातच संपतो.

मशीन चांगलं चालत होतं. कंपनीच्याच साइटवरचं नवं फर्मवेअर (मशीन चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) टाकलं आणि तेव्हापासून दोन दुखणी मागे लागली. मधला हॅशबोर्ड कधी दिसतो, कधी दिसत नाही. आणि तिसऱ्या बोर्डावर एचडब्ल्यू (हार्डवेअर) एररचा आकडा भराभर चढतोय. मधला बोर्ड सापडला नाही की अख्खं मशीन हॅशिंग, म्हणजे तीच गणितं, थांबवतं, थोड्या वेळाने आपणच रिस्टार्ट होतं, आणि पुन्हा तोच खेळ.

आता जुन्या फर्मवेअरवर परत जाऊ, कंपनीचं त्याहून नवं आलंय ते टाकू, की सरळ बाहेरचं कुठलं टाकू? कुणी यातून गेलंय का?

रात्रपाळी
बाहेरचं टाका आणि मोकळे व्हा. कंपनीच्या फर्मवेअरला जरा काही खटकलं की ते दुकान बंद करून बसतं. बाहेरच्यात प्रत्येक बोर्डाची फ्रीक्वेन्सी आणि व्होल्टेज आपल्या हातात असतं.

घाईत_नाही
खटपट्या, तूर्त काहीच टाकू नका. आधी लॉग टाका इथे. डॅशबोर्डावरचा लाल ठिपका काही सांगत नाही. कर्नल लॉग (मशीन स्वतः ठेवतं ती नोंद) उघडा, मशीन सुरू झाल्यापासून बोर्ड शोधण्यापर्यंतचा भाग कॉपी करा. आणि हो, रिस्टार्ट करण्याआधी कॉपी करा. बऱ्याच मशीनमध्ये लॉग रॅममध्ये असतो, वीज गेली की तोही गेला.

जोडीला कंट्रोल बोर्ड (हॅशबोर्डांना हुकूम देणारा) कुठल्या जातीचा आहे तेही बघून ठेवा. का ते पुढे सांगतो.

तिरकस
रात्रपाळी, तुमचं म्हणजे ताप कशाने आला ते न बघता डॉक्टर बदला.

रात्रपाळी
माझा ताप डॉक्टर बदलूनच उतरला होता, काय करता!

खटपट्या
लॉग घेतला. महत्त्वाच्या ओळी देतो, बाकीच्या गाळल्यात. असिक म्हणजे मायनिंगची चिप, टाइम्स म्हणजे शोधायची फेरी.

चेन ० : सगळ्या चिपा सापडल्या
चेन १ : फाइंड ३१ असिक, टाइम्स ०
चेन १ : फाइंड ३१ असिक, टाइम्स १
चेन १ : फाइंड ० असिक, टाइम्स २
चेन १ : पॉवर ऑफ
चेन २ : सगळ्या चिपा सापडल्या

मोजणी शून्यापासून आहे, म्हणजे चेन १ हा मधला बोर्ड. बोर्डावर ३१ च्या दुपटीपेक्षा जास्त चिपा आहेत. कधीकधी पहिल्याच फेरीत सगळ्या सापडतात, मग तासन्‌तास काही होत नाही. तापमान, पंखे ठीक. पॉवर सप्लायबद्दल लॉगमध्ये काही तक्रार नाही.

सोल्डरवाला
हा लॉग बोलका आहे. सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न महिन्याआड कुणीतरी विचारतंच.

हॅशबोर्डावरच्या चिपा कंट्रोल बोर्डाला एकेक करून जोडलेल्या नसतात. त्या एकामागे एक अशा साखळीत असतात. क्लॉक आणि हुकूम पहिल्या चिपेत शिरतो, तिथून दुसरीत, असा शेवटापर्यंत जातो. उत्तर उलट वाटेने, हातोहात मागे येतं. मशीन सुरू होताना कंट्रोल बोर्ड विचारतो, 'कोण कोण आहे?' जितक्यांची उत्तरं आली तितक्या चिपा 'सापडल्या'. म्हणून ३१ हा आकडा पुन्हा पुन्हा येतोय याचा अर्थ ३१ व्या चिपेपर्यंत रस्ता ठीक आहे आणि ३१ ते ३२ च्या मध्ये तुटतोय. ३२ वी चिप गेलेली असेल, तिचा एखादा सांधा उकललेला असेल, नाहीतर मधला एखादा बारकासा रेझिस्टर. पुढच्या सगळ्या चिपा धडधाकट असल्या तरी त्यांचा आवाज मागे पोचत नाही. दर वेळी वेगळाच आकडा आला असता तर मी केबल किंवा पॉवरकडे बोट दाखवलं असतं.

वीजही साखळीतच असते. चिपांचे गट पाडलेले असतात, त्यांना डोमेन म्हणतात, आणि ते डोमेन दिव्यांच्या माळेसारखे एकापुढे एक जोडलेले. उदाहरण म्हणून २०१६ चा अँटमायनर एस९ घ्या: एका बोर्डावर बीएम१३८७ जातीच्या ६३ चिपा, तीन-तीनचे २१ डोमेन. बोर्डाला नऊ व्होल्टच्या आसपास मिळतात, म्हणजे एका डोमेनच्या वाट्याला जेमतेम ०.४ व्होल्ट. एका डोमेनचं बिघडलं की शेजाऱ्यांचं व्होल्टेजही सरकतं. तिसऱ्या फेरीत तुमच्याकडे ३१ चे ० झाले, त्यामागे असलंच काही असू शकेल. पण शून्याची कारणं अनेक असतात: रिबन केबल, कनेक्टर, बोर्डावरचा मायक्रोकंट्रोलर, पॉवर न मिळणं. नुसत्या शून्यावरून निदान करायला मी धजणार नाही. ३१ वरून करतो.

सांगायचा मुद्दा, हा सांधा कुठल्याही फर्मवेअरने जोडला जाणार नाही.

शंकेखोर
सोल्डरवाला, सगळं पटलं, पण एक अडतंय. सांधा फर्मवेअर टाकायच्या आधी ठीक होता आणि टाकल्यावर उकलला, हा योगायोग मानायचा? फर्मवेअरने काहीच केलं नाही?

सोल्डरवाला
प्रश्न रास्त आहे. यात योगायोग कमी आणि क्रम जास्त आहे. फर्मवेअर टाकायचं म्हणजे मशीन बंद होणार, थंड होणार, पुन्हा तापणार. महिनोन्महिने अखंड तापलेलं मशीन गार झालं की चिप, सोल्डर आणि बोर्ड वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. अर्धवट तडकलेला सांधा नेमका तेव्हाच सुटतो. नुसती वीज जाऊन आली असती तरी हेच झालं असतं. माझ्याकडे येणाऱ्या बोर्डांत 'काल बंद केलं आणि आज चालू होईना' ही कहाणी सर्रास असते.

घाईत_नाही
यात माझी भर. चिपा मोजायचं काम फक्त सुरुवातीला होतं. चालू मशीनमध्ये एखादी चिप गप्प झाली तर हॅशरेट (गणिताचा वेग) थोडा उतरतो, पण बोर्ड लगेच बाद होत नाही. रिस्टार्टला मात्र हजेरी घेतली जाते, आणि ती किती कडक घ्यायची हे फर्मवेअर ठरवतं. किती फेऱ्या विचारायचं, किती चिपा कमी असल्या तर चालवून घ्यायचं, एक बोर्ड नसेल तर बाकीचे दोन चालवायचे की सगळंच बंद ठेवायचं, हे सगळं त्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलं असतं. नव्या आवृत्तीत नियम कडक झाले असतील तर जुन्यात खपून जाणारा बोर्ड नव्यात नापास होणार. शंकेखोर, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

खटपट्या
मग चाचणी काय करू? माझ्याकडे मल्टिमीटर आहे, ऑसिलोस्कोप नाही.

सोल्डरवाला
त्याहून सोपी चाचणी आहे. वीज पूर्ण बंद करा, कपॅसिटर उतरायला थोडा वेळ द्या. मग कंट्रोल बोर्डाच्या बाजूने मधल्या आणि पहिल्या बोर्डाच्या रिबन केबलची अदलाबदल करा. पुन्हा सुरू करून लॉग बघा.

३१ चा आकडा चेन ० वर गेला तर दोष बोर्डात किंवा त्याच्या केबलमध्ये. चेन १ वरच राहिला तर कंट्रोल बोर्डाच्या त्या पोर्टमध्ये. बोर्डाकडे बोट गेलं तर पुढच्या फेरीत फक्त केबल बदला. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. केबलीची पिन वाकडी तर नाही ना, पांढरट गंज आहे का, कनेक्टर पूर्ण बसलाय का, हेही बघून घ्या. पॉवरच्या तांब्याच्या पट्ट्यांचे स्क्रू ढिले असतील तर आवळा. ढिला स्क्रू तापतो, आणि पट्टी काळवंडलेली असेल तर ते आधीपासून चाललंय.

नॉन्सवाली
मधल्या बोर्डाचं मार्गी लागतंय, पण तिसऱ्याच्या एचडब्ल्यू एररबद्दल कुणी बोललंच नाही. ते दुखणं वेगळं आहे आणि मला वाटतं तिथे फर्मवेअरचाच हात आहे.

चिप नॉन्स, म्हणजे हॅशच्या गणितात बसणारा आकडा, शोधते आणि 'सापडला' म्हणून वर पाठवते. कंट्रोल बोर्ड त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही, तो हॅश स्वतः पुन्हा काढून पडताळतो. हिशोब जुळला नाही की एचडब्ल्यू एररचा आकडा एकाने वाढतो आणि तो नॉन्स तिथेच फेकला जातो. पूलपर्यंत (अनेक मायनर मिळून काम करतात तो गट) तो जातच नाही. त्यामुळे पूलवर दिसणारे रिजेक्ट आणि हे एरर यांचा संबंध लावू नका. रिजेक्ट बहुतेकदा उशिरा पोचलेल्या कामाचे असतात, ते नेटवर्कचं दुखणं. एचडब्ल्यू म्हणजे चिपेचं गणित चुकलं.

गणित चुकायची मुख्य कारणं: दिलेल्या व्होल्टेजला न झेपणारी फ्रीक्वेन्सी, उष्णता, निसटलेला हीटसिंक, कमकुवत पॉवर सप्लाय. आणि नुसत्या आकड्याला घाबरू नका. १०० टेराहॅशचं (सेकंदाला १०० लाख कोटी हॅश काढणारं) मशीन ३२ बिटांचे सगळे नॉन्स, म्हणजे ४ अब्ज २९ कोटींहून जास्त, सेकंदाच्या वीस हजाराव्या भागात संपवतं. एवढ्या रगाड्यात काही हजार चुका म्हणजे काहीच नाही. एकूण कामाच्या प्रमाणात टक्केवारी बघा, आणि तीच तुमच्या जुन्या टक्केवारीशी ताडून पाहा.

आता फर्मवेअरचा हात कुठे ते. चिपा एकाच साच्यातल्या असल्या तरी एक ६०० मेगाहर्ट्झवर मजेत चालते आणि शेजारची ५५० ला धापा टाकते. फर्मवेअर सुरुवातीला प्रत्येक बोर्डाची, काही ठिकाणी प्रत्येक चिपेची ताकद जोखून नोंद करून ठेवतं. नवीन आवृत्ती टाकताना 'सेटिंग्ज राखा' हा पर्याय निवडला नसेल किंवा नव्या आवृत्तीला जुनी नोंद वाचता येत नसेल, तर ती पुसली जाते आणि सगळ्या चिपांना सरसकट एकच फ्रीक्वेन्सी मिळते. शिवाय आजकालच्या बऱ्याच मशीनमध्ये पॉवर सप्लायचं व्होल्टेज तिन्ही बोर्डांना सामायिक असतं. सशक्त बोर्डांना पुरणारं व्होल्टेज अशक्ताला पुरत नाही, आणि मग तो चुका करायला लागतो.

तुम्ही ट्यूनिंग, म्हणजे ही ताकद जोखायचं काम, पूर्ण होऊ दिलं होतं का? मधला बोर्ड दर वेळी खोडा घालतोय आणि मशीन रिस्टार्ट होतंय, म्हणजे ट्यूनिंग अर्ध्यातच मोडत असणार. दोन दुखणी अशी एकमेकांत गुंतलीत.

धूळपाटी
नॉन्सवाली, काय सुरेख उलगडून सांगितलंत! वाचनखूण साठवली.

नवखा_गडी
मधेच विचारतो. माझ्याकडे दोन ग्राफिक्स कार्डं आहेत, सारखं 'इनव्हॅलिड शेअर' येतं. बायोस (कार्डातलं फर्मवेअर) फ्लॅश करून, म्हणजे नव्याने लिहून, सुटेल का?

घाईत_नाही
वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल. थोडक्यात: मेमरीचं ओव्हरक्लॉक कमी करून बघा, बहुधा तिथेच सुटेल. बायोसला हात लावायची गरज क्वचित पडते. आणि इथेरियम १५ सप्टेंबर २०२२ ला प्रूफ ऑफ स्टेकवर, म्हणजे मायनिंग न लागणाऱ्या पद्धतीवर, गेल्यापासून कार्डांचं गणित पार बदललंय. वेळ घालवायच्या आधी ते तपासा.

रात्रपाळी
मूळ मुद्द्यावर येतो. नॉन्सवाली म्हणतात ते चिपागणिक ट्यूनिंग बाहेरच्या फर्मवेअरमध्ये उत्तम जमतं. एक बोर्ड मेला तरी बाकीचे दोन चालू राहतात. कंपनीच्या फर्मवेअरची एवढी भक्ती कशाला?

तिरकस
भक्ती कुणी करत नाहीये. पण फुकट काहीच नसतं. बाहेरच्यांची फी साधारण दोन-तीन टक्के, म्हणजे तेवढा वेळ तुमचं मशीन त्यांच्यासाठी राबणार. शिवाय वॉरंटीत असाल तर त्यावर पाणी सोडायची तयारी ठेवा.

रात्रपाळी
ट्यूनिंगमधून वीज वाचते त्यात फी निघून जाते.

तिरकस
कधी निघते, कधी नाही. मीटर लावून मोजलंत तर तुमचं म्हणणं मान्य.

घाईत_नाही
दोन्ही बाजूंना इतिहास आहे. एप्रिल २०१७ मध्ये 'अँटब्लीड' उघडकीला आलं. अँटमायनर बनवणाऱ्या बिटमेनच्या फर्मवेअरमध्ये असा कोड होता, की मशीन दर काही मिनिटांनी कंपनीच्या सर्व्हरला आपला सीरियल नंबर, मॅक आणि आयपी कळवायचं, आणि तिकडून नकार आला की मायनिंग थांबवायचं. बोंबाबोंब झाल्यावर कंपनीने तो भाग काढलेलं फर्मवेअर दिलं. कंपनीचं म्हणून आंधळा विश्वास ठेवू नये याला हा दाखला पुरेसा आहे.

दुसरी बाजूही बघा. ओव्हर्ट असिकबूस्ट, म्हणजे तेच काम कमी आकडेमोडीत करायची युक्ती. एस९ च्या चिपेत ती सोय पहिल्यापासून होती, पण कंपनीच्या फर्मवेअरने ती खुली केली ऑक्टोबर २०१८ मध्ये. त्याच सिलिकॉनमधून त्याच कामाला कमी वीज, नुसत्या सॉफ्टवेअर बदलाने! फर्मवेअरने काय साधतं ते यातून कळतं. त्याच सुमारास ब्रेन्सचं मुक्त स्रोत फर्मवेअर आलं, ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरसाठीचं लिनक्स) बांधलेलं, आणि लोकांना आत काय चाललंय ते वाचता आलं.

आणि २०१९ च्या सुरुवातीला चीनमधल्या मायनरांमध्ये 'हँट' नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरल्याच्या बातम्या होत्या. संशय गेला तो भलतीकडून उतरवलेल्या, ओव्हरक्लॉकचं आमिष दाखवणाऱ्या फर्मवेअरवर. चॅट ग्रुपवर कुणीतरी टाकलेली फाइल मशीनमध्ये घालणाऱ्यांसाठी हे लिहितोय. असल्या फाइलींत मशीनचा काही वेळ गुपचूप दुसऱ्याच्या पाकिटाकडे वळवलेला असतो आणि डॅशबोर्ड मात्र तुमचाच पत्ता दाखवत राहतो. ओळखायची खूण एकच: पूलवरचा चोवीस तासांचा सरासरी हॅशरेट आणि मशीनवरचा आकडा यांच्यात कायम राहणारी तफावत.

वीजवाचक
एवढी डोकेफोड आणि एवढी वीज कशासाठी, हे कुणी सांगेल का?

धूळपाटी
त्यावर दोनशे प्रतिसादांचा धागा आधीच पडलाय. कृपया तिकडे.

खटपट्या
अदलाबदल केली. ३१ चा आकडा बोर्डाबरोबर चेन ० वर गेला. केबल बदलली तरी ३१ च. म्हणजे बोर्डच. सोल्डरवाला, तुमचं निदान बरोबर निघालं. स्क्रू सगळे घट्ट होते.

हा बोर्ड दुरुस्तीला पाठवतो. तोवर दोन बोर्डांवर चालवायचंय, पण आत्ताचं फर्मवेअर दोनवर चालायला तयार नाही. कंपनीच्या त्याहून नव्या आवृत्तीच्या टिपणात 'एक बोर्ड नसताना चालणे' असं स्पष्ट लिहिलंय. तीच टाकतोय. काय काळजी घेऊ?

घाईत_नाही
आता फर्मवेअर टाकायला कारण मिळालं. काळजी अशी.

सगळ्यात आधी कंट्रोल बोर्ड. एकाच मॉडेलच्या नावाखाली वेगवेगळे कंट्रोल बोर्ड विकले गेलेत. एस१९ च्या कुटुंबातच झिंक (Zynq) चिपेचे, बीगलबोनचे, अ‍ॅमलॉजिकचे आणि सीव्हीटेकचे सापडतात, आणि एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही. नशीब चांगलं असेल तर मशीन फाइल नाकारतं. नसेल तर मशीन डबा होतं. स्टेटस पानावर जात लिहिलेली नसेल तर झाकण उघडून बोर्डावरची मोठी चिप वाचा. मॉडेलच्या नावावर विसंबू नका.

पूल, वर्कर (पूलवरचं मशीनचं नाव), पासवर्ड, नेटवर्क, सगळ्याचा फोटो काढून ठेवा. फाइल उतरवल्यावर एसएचए-२५६ चा आकडा (फाइलचा ठसा) साइटवरच्या आकड्याशी जुळवा. वायफायवरून फ्लॅश करू नका, लॅपटॉप केबलने जोडा. आणि वीज जाण्याचा संभव असेल त्या वेळी तर मुळीच नको. फ्लॅश मेमरी अर्धी लिहून झाल्यावर वीज गेली की पुढे एसडी कार्डाने जिवंत करत बसावं लागतं. ते जमतं, पण त्यासाठी त्याच कंट्रोल बोर्डाची रिकव्हरी फाइल लागते. ती आधीच कार्डावर तयार ठेवली तर घाबरायचं कारण नाही.

मागे फिरायचा रस्ता आहे का तेही टिपणात वाचा. काही आवृत्त्या एसएसएच (नेटवर्कवरून मशीनच्या आत शिरायची वाट) बंद करतात आणि फाइलवर सही मागतात, मग जुनं किंवा बाहेरचं फर्मवेअर सहजी परत जात नाही.

टाकून झाल्यावर ब्राउझरचा कॅशे साफ करा. जुनं पान तसंच दिसतं आणि लोक 'अपडेट झालंच नाही' म्हणून पुन्हा फ्लॅश मारत बसतात. मग पासवर्ड बदला. अनेक मशीनवर अजून नाव आणि पासवर्ड दोन्ही 'रूट'च असतं.

सोल्डरवाला
एक राहिलं. बोर्ड काढलात की तिथे मोकळी फट राहते. हवा सगळ्यात सोप्या वाटेने पळते, म्हणजे त्या फटीतून, आणि उरलेले दोन बोर्ड तापतात. फट दोन्ही टोकांना न जळणाऱ्या पत्र्याने बंद करा.

खटपट्या
टाकलं. दोन बोर्डांवर मशीन सुरू झालं. ट्यूनिंगला बराच वेळ घेतला, मी हात लावला नाही. नॉन्सवाली, तिसऱ्या बोर्डाची एचडब्ल्यू टक्केवारी पूर्वीच्या पातळीला आली. पूलवरची सरासरीही मशीनच्या आकड्याशी जुळतेय.

शेवटची शंका. दुरुस्त बोर्ड परत आला की नुसता खोचला तर चालेल का?

नॉन्सवाली
खोचण्याआधी दुरुस्त करणाऱ्याला विचारा की बोर्डावरच्या ईईप्रॉमला (छोटी मेमरी चिप) त्यांनी हात लावलाय का. बोर्डाचा सीरियल, चिपांची प्रत आणि कारखान्यातली व्होल्टेज-फ्रीक्वेन्सी अशी माहिती तिथे असते. ती पुसली गेली किंवा दुसऱ्या बोर्डाची उतरवली, तर सांधा पक्का असूनही फर्मवेअर बोर्ड नाकारू शकतं, किंवा चुकीच्या व्होल्टेजवर चालवून तुम्हाला पुन्हा एचडब्ल्यू एरर दाखवू शकतं.

आणि बोर्ड बसवल्यावर ट्यूनिंग नव्याने करायला लावा, जुनी नोंद पुसून. आत्ताची नोंद दोन बोर्डांच्या हिशोबाची आहे. तिसरा आला की पॉवर सप्लायवरचा भार आणि आतली उष्णता दोन्ही बदलणार.

सोल्डरवाला
पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा मशीन पूर्ण गार असताना करा आणि लॉग घ्या. चिपा सगळ्या दिसल्या तर तापू द्या, बंद करा, गार झाल्यावर पुन्हा सुरू करा. दुसऱ्या गार सुरुवातीलाही आकडा पूर्ण आला तर बोर्ड खरंच दुरुस्त झालाय. ३१ किंवा ३२ दिसले तर तसाच परत पाठवा, लॉगसकट.